ज्याचे नाव विचारायचे राहून गेले

शर्यतीची नौका वल्हविणाऱ्याची एक गोष्ट आपल्या ध्यानात आली आहे काय? त्याची पाठ गंतव्याकडे असते. तो बळ लावतो पुढे जाण्यासाठी, पण त्याची दृष्टी असते मागे. पुढचे पाहणे हे सुकाणू धरणाऱ्याचे काम. तेव्हा वल्हेकऱ्याची सारी कारकीर्द दुसऱ्या कोणावर तरी ठेवलेल्या विश्वासावर उभी असते.

फ्रान्स्वा ब्रांट आणि रूलोफ क्लाइन हे ॲमस्टरडॅमच्या मिनर्व्हा संघाचे डच वल्हेकरी. सन १९०० मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये, सीन नदीवर, ते आपला सुकाणूधारी हर्मानस ब्रॉकमन याच्यासह उतरले. प्राथमिक फेरीत फ्रेंच नौकेने त्यांना मागे टाकले. फ्रेंचांनी सुकाणूवर लहान मूल बसविले होते, त्यामुळे त्यांची नौका हलकी होती. तेव्हा अंतिम शर्यतीसाठी या दोघांनी प्रौढ ब्रॉकमनला उतरविले आणि एका फ्रेंच मुलाला बसविले. १७५० मीटरची ती शर्यत त्यांनी ७ मिनिटे ३४.२ सेकंदांत, केवळ ०.२ सेकंदाने जिंकली. विजयी जोडीबरोबर त्या मुलाचे छायाचित्रही घेण्यात आले. ते आजही पाहावयास मिळते. मात्र त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पुढे काहींनी नावे सुचविली, पण एकही सिद्ध झाले नाही.

येथे अन्याय झाला काय? नियम मोडला गेला नव्हता. ब्रॉकमनशी वैरही नव्हते. त्याच ऑलिंपिकमध्ये आठ वल्हेकऱ्यांच्या नौकेत हे तिघे एकत्र होते आणि त्यांनी तिसरा क्रमांक मिळविला. तरीही मन अस्वस्थ होते. एकाला त्याच्या वजनामुळे काढले, दुसऱ्याला वजन नसल्यामुळे घेतले. दोघांनाही माणूस म्हणून न मोजता भार म्हणून मोजले गेले.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी बजावले होते की, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. त्यांच्या सांगण्यातील ‘केवळ’ हा शब्द आपण नीट पाहिला पाहिजे. परस्परांचा उपयोग करून घेतल्यावाचून ना नौका चालते, ना संसार, ना मंडळी. उपयोग करून घेणे हे पाप नव्हे. उपयोग संपताच माणूसही संपला असे मानणे, हे पाप होय. ब्रांट व क्लाइन दुष्ट नव्हते. छायाचित्रात त्यांनी मुलाला जागा दिलीच. पण सद्भावनेने दिलेली जागा आणि विचारलेले नाव यांत अंतर आहे, आणि सज्जनांचे दोष बहुधा याच अंतरात वसतात.

भाषांतराच्या मेजावर मला एक शब्द नेहमी थांबवितो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल कृपादाने मोजताना जो ग्रीक शब्द व्यवस्था पाहण्याच्या कामासाठी योजतो, त्याचा मूळ अर्थ ‘सुकाणू धरणे’ असा आहे. प्रेषित आणि शिक्षक यांच्याच यादीत तो बसला आहे. तेथे नाव कोणाचेही नाही, पण कामाचा मान आहे.

वाचकहो, आपलीही पाठ पुढच्या वाटेकडेच आहे. आपली नौका कोणाच्या तरी हाताने सरळ चालली आहे: घरी, कचेरीत, मंदिरात. त्या व्यक्तीचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? नसेल, तर आजच विचारावे. त्या मुलाला विचारण्याची वेळ निघून गेली. आपली अद्याप गेलेली नाही.