काण्या घोड्याची किंमत

वापरलेला मोबाईल तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकण्याचा व्यवसाय आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपुरता राहिलेला नाही. 'रिफर्बिश्ड' या नावाने असा फोन घरपोच मिळू लागला आहे. आम्हांला याचा आनंदच वाटतो. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला. त्यातील पाव हिश्श्याचीही रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाही. शिवाय नवा फोन न परवडणाऱ्या घरांची सोय होते, ती वेगळीच.

प्रश्न आहे तो सत्याचा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात तो मांडलाच होता : विक्रेत्याने मालातील दोष सांगितलाच पाहिजे काय? घोडा काणा असेल तर ते दिसतेच. त्या मानाने किंमत उतरवली की पुरे. दोष लपलेला असेल, तर मात्र तो सांगणे बंधनकारक.

मोबाईल हा असा घोडा की, ज्याचे दोन्ही डोळे नेहमी पाणीदारच दिसावेत! काच नवी, पाठ चकचकीत. आतील बॅटरी मात्र शेकडो वेळा चार्ज होऊन थकलेली. एकदा पाणी शिरून गेलेले सर्किटही बाहेरून कळत नाही. ''स्वस्तात मिळाला ना, मग?'' असे आपण सहज म्हणून जातो. पण स्वस्ताई ही उघड्या दोषाची भरपाई, झाकलेल्या दोषाची नव्हे.

आणि विक्रेता म्हणजे काही केवळ दुकानदार नव्हे. जुना फोन बदलून नवा घेताना 'पाण्यात पडला होता काय?' या प्रश्नापुढची खूण आपल्यालाच करायची असते.