अडगळ आणि कवडसा

निरुपयोगी वस्तु घरांत सांठवून ठेवणें हा दोष समजावा कीं काटकसर समजावी, हा प्रश्न दिसण्यांत लहान आहे; परंतु गेल्या ज्येष्ठांत त्यानें आम्हांस बरेंच नमविलें, म्हणून तो आपणांपुढें मांडीत आहों.

पावसापूर्वीं घर शाकारावयाचें म्हणून आम्ही गांवीं आईकडे गेलों. कौलें चाळावयाचीं तर माळा रिकामा करणें प्राप्तच होतें. त्यावरून काय काय निघालें तें सर्व सांगूं लागल्यास हा अंक पुरणार नाहीं. कांच फुटलेला कंदील, मोडक्या बाजेचे पाय, दांडा नसलेलें खुरपें, गोणपाटांची चळत, उंदरांनीं कुरतडलेलें बियाणें, आणि तेलाचे पत्र्याचे डबे मोजून एकोणीस! आम्ही मंडळींस सुव्यवस्थेचा उपदेश करणारे, आपल्याच आईच्या घरीं ही दशा पाहून आम्हांस लाज वाटली, व जरा चढ्या स्वरांत आम्ही म्हणालों, "आई, हे डबे आजच भंगारवाल्याला देऊन टाकूं."

आई म्हणाली, "दे बापा. पण बहात्तर सालीं यांतला एक माझ्यापाशीं असता, तर सुकडी मला पदरांत आणावी लागली नसती."

ज्यांनीं १९७२ चा दुष्काळ पाहिला नाहीं, त्यांच्यासाठीं सांगतों. त्या सालीं विहिरी आटल्या, जनावरें कवडीमोल विकलीं गेलीं, आणि शेतकऱ्यांचीं घरेंचीं घरें सरकारी कामावर खडी फोडावयास गेलीं. तेथें सुकडी वांटली जात असे. शिधावाटपाच्या दुकानांत परदेशांतून आलेली मिलो नांवाची तांबडी ज्वारी मिळे. आईचें वय तेव्हां चौदा वर्षांचें. भांडींकुंडीं अगोदरच विकलेलीं होतीं. तेव्हां ज्या वस्तूंस आम्ही अडगळ म्हणत होतों, त्या तिच्या लेखीं त्या सालास दिलेलें उत्तर होतें. टाकलेली वस्तु उद्यां पुन्हां विकत घेण्याची ज्यास ऐपत आहे, त्यास व्यवस्थितपणाचा उपदेश फार सोपा जातो.

कोणी म्हणेल, गाडगे महाराजांचें काय? त्यांजपाशीं (१८७६–१९५६) एक खराटा, एक फुटकें गाडगें व अंगावर चिंध्या, याहून अधिक कांहीं नव्हतें. पंढरपूर, नाशिक येथें लोकांसाठीं धर्मशाळा उभारविल्या, पण आपणांसाठीं कांहीं राखलें नाहीं. खरें आहे. परंतु त्यांनीं आपल्या इच्छेनें सोडलें, आणि आमच्या आईपासून काळानें हिसकावून घेतलें. ज्यानें सोडलें त्याचा हात मोकळा असतो. ज्याचें हिसकावलें गेलें त्याची मूठ कित्येक वर्षें उघडत नाहीं. या दोघांस एकाच मापानें मोजणें न्यायाचें नव्हे.

तरीही सर्वच सांठा निर्दोष, असें आमचें म्हणणें नाहीं. डब्यांविषयीं आम्ही गप्प बसलों, बियाण्याविषयीं बसवेना. तें पेरलें असतें, निदान शेजाऱ्यास दिलें असतें, तर कोणाच्या तरी शेतांत उगवलें असतें. भीतीपोटीं राखलें आणि उंदरांनीं खाल्लें. आईसही तें लागलें; तिनें तो सगळा भुसा सुपांत घेऊन मुकाट्यानें उकिरड्यावर टाकला. (आमच्या कपाटांत बंद पडलेले तीन मोबाईल पडून आहेत. ते कोणत्या दुष्काळासाठीं, याचें उत्तर आम्हांस देतां येत नाहीं.)

दुपारीं मधलें घर मोकळें झालें. लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील बाईनें दिवा लावून घर झाडलें तें हरवलेल्या नाण्यासाठीं. आम्ही कांहीं शोधीत नव्हतों. तोंच आमची धाकटी मुलगी ओरडली, "आजी, हें बघ!" सारवलेल्या जमिनीवर रुपयाएवढा एक कवडसा पडला होता, आणि त्याच्या वाटेंत धूळ सोन्यासारखी नाचत होती.

कौलांमधली फट तिकोनी होती, कवडसा मात्र गोल. याचें कारण असें कीं, फट पुरेशी लहान असली म्हणजे खालीं उमटते ती फटीची आकृति नव्हे, तर साक्षात् सूर्याची प्रतिमा. सूर्य आपणांपासून सुमारें पंधरा कोटि किलोमीटर दूर; तेथून निघालेला प्रकाश सुमारें आठ मिनिटांनीं आमच्या आईच्या जमिनीवर येऊन टेकत होता. २६ डिसेंबर २०१९ रोजीं सकाळीं सूर्यग्रहण झालें, तेव्हां झाडांखालच्या कवडशांच्या कोरी झालेल्या अनेकांनीं पाहिल्या असतील. हें सारें आम्ही मुलीस मोठ्या हौसेनें समजावून सांगितलें.

आई हंसली. "मी लग्न होऊन आलें तेव्हांपासून आहे तो. जात्यापाशीं आला कीं गड्यांची भाकरी शेतावर न्यायची. घड्याळ कुठं होतं? मग पोतीं रचलीं आणि तो दिसेनासा झाला." इतकें बोलून ती खालीं बसली व तिनें कवडशांत हात धरला.

संध्याकाळीं भंगारवाला अठरा डबे घेऊन गेला. शाकारणारा गडी वरून विचारूं लागला, "आजी, ही फट बुजवूं ना? पाऊस आला तर गळंल." आईनें त्यास नको म्हणून सांगितलें, उरलेला एकोणिसावा डबा आणला, आणि बरोबर त्या फटीखालीं नेऊन ठेवला.