गावची पंगत

फराळाचे ताट पुढ्यात असताना उपासमारीची गोष्ट काढणे तसे अप्रशस्तच. पण वर्गातल्या एका मुलाने विचारलेला प्रश्न मनात घर करून बसला आहे. तो वाचकांपुढे ठेवल्यावाचून राहवत नाही.

पहिल्या महायुद्धाचा धडा चालला होता. सहाव्या पुणे डिव्हिजनची हकिकत मी सांगत होतो. तिच्या पायदळात १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, ही डिव्हिजन बगदादच्या रोखाने चालून गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनपाशी तिला माघार घ्यावी लागली आणि टायग्रिसच्या वळणावरील कूट गावी ती येऊन थांबली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. सुटकेसाठी निघालेल्या फौजा वाटेतच अडल्या.

धान्य सरत आले, तेव्हा घोडे आणि खेचरे मारून खाण्याची पाळी आली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. बहुतेक हिंदी शिपायांनी, हिंदूंनी तसेच मुसलमानांनीही, ते नाकारले. पिठाचे माप घटत गेले, हिरड्या सुजल्या, पहाऱ्यावर उभे राहण्याचे त्राण उरेना. सेनापती टाउनशेंड यांनी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची मुभा मागवली. ती आली, तरी कित्येकांचे हात पुढे होईनात.

"गुरुजी, धर्माने परवानगी दिली होती, मग ते कोणाला भीत होते?" मुलाने विचारले.

गावाला! परत गेल्यावर आपल्याला वाळीत टाकतील, पंगतीला कोणी बसवणार नाही, ही ती धास्ती. तुर्कांच्या तोफांपुढे न हटणारा शिपाई हजारो मैलांवरच्या पारावरील कुजबुजीपुढे हटला!

श्रद्धेपायी कोणी उपाशी राहिला, तर त्याच्यापुढे मी मान लववीन. त्याची श्रद्धा त्याची स्वतःची असते. पण भीती ही एकट्याची नसते. ती कोणीतरी घातलेली असते. मग त्या उपासाचा जाब कोणाला विचारायचा? खंदकातल्या शिपायाला, की घरी दोन वेळा जेवून पारावर बसणाऱ्यांना?

एप्रिलमध्ये सक्ती झाली आणि हजारोंनी ते मांस खाल्ले. पण तोवर शरीरे खचली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. सेनापतींना कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सुखाने ठेवण्यात आले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलले; त्यांतले हजारो परत आलेच नाहीत. ज्या गावाला ते भ्याले, त्याची वेसही त्यांना पुन्हा दिसली नाही.

मुलाला उत्तर देताना मात्र माझी जीभ अडखळली. आमच्या आळीतल्या एका मुलीने जातीबाहेर लग्न केले. गेल्या दिवाळीला तिच्या आईने फराळाचे बोलावणे धाडले होते. माझा त्या लग्नाला काडीचाही विरोध नव्हता. पण मी गेलो नाही. लोक काय म्हणतील! त्या माउलीचे ताट तसेच झाकून राहिले असेल. कूटच्या शिपायांना धास्ती घालणाऱ्या पारावर मीही एक जागा अडवून बसलो होतो, हे त्या मुलाच्या प्रश्नाने मला कळले.

यंदा पहिला फराळ मी त्या घरी करणार आहे.