चार कर्जांचं एक कर्ज

बेळगावहून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेला, मारतहळ्ळीत पीजीत राहणारा एक तरुण मध्यंतरी माझ्याकडे कागद घेऊन आला. चार क्रेडिट कार्डांवर मिळून पाच लाखांची थकबाकी साचली होती. एका बँकेने सुचवलं होतं की चारही फेडून टाका, त्या जागी आमचं एकच कर्ज घ्या. त्याचा प्रश्न साधा होता. “काका, हे सेफ आहे ना?”

मी आधी हिशेब केला. कार्डावर व्याज महिन्याला साडेतीन टक्के लागत असेल, तर पाच लाखांवर महिन्याला १७,५०० रुपये नुसतं व्याज होतं. मुद्दल जागचं हलत नाही. तीच रक्कम वर्षाला १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतली तर हप्ता साधारण १७,०९० रुपये बसतो आणि छत्तिसाव्या महिन्यात कर्ज संपतं. म्हणजे जो पैसा आज व्याजातच जिरतो आहे, त्यातच मुद्दलही फिटेल. एवढं पाहिलं तर उत्तर ‘हो’ असंच आहे. दर उतरत असेल आणि मुदत आटोक्यात असेल, तर अशा कर्जाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण त्याच्या कागदांत आणखी दोन पर्याय होते, आणि त्याचं मन त्यांच्याकडेच ओढत होतं. पहिला, तोच दर पण पाच वर्षं. हप्ता ११,६३० च्या आसपास, मात्र एकूण व्याज १ लाख १५ हजारांवरून १ लाख ९८ हजारांवर जातं. दुसरा, बेळगावचं वडिलांचं घर तारण ठेवून साडेनऊ टक्क्यांनी दहा वर्षं. हप्ता फक्त ६,४७० रुपये. ऐकायला सर्वांत हलका. व्याज मात्र पावणेतीन लाखांच्या वर. दर सगळ्यांत कमी, आणि भरायचा पैसा सगळ्यांत जास्त.

हलका हप्ता आणि हलकं कर्ज यांतला हा फरक आपल्याकडे नवा नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं ठरवली. व्याज साचत जाऊ नये हा हेतू. दख्खनच्या सावकारांनी तो उलटा फिरवला. दर तीन वर्षांनी कुळाकडून नवा रोखा लिहून घ्यायचा, जुनं मुद्दल आणि न फिटलेलं व्याज मिळून नवं मुद्दल धरायचं, आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू. शेतकऱ्याच्या हाती दर वेळी एकच, नीटनेटका कागद यायचा. मात्र त्यात मूळ उचल किती होती, हे दिसायचं नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा झाला, पुढे तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला, तेव्हा लोक मुख्यतः हे रोखेच मागत होते आणि जाळत होते. त्यानंतर १८७९ साली आलेल्या शेतकरी कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सगळा इतिहास तपासायला सांगितलं. माझ्या मते कर्ज एकत्र करणाऱ्यासाठीही पहिली नैतिक अट हीच आहे. नव्या कागदाच्या मागे जावं. हे पाच लाख कशातून साचले, हे एकदा लिहून काढावं. नाहीतर चारही कार्डं मोकळी होतात, मर्यादा पुन्हा पूर्ण दिसू लागते, आणि वर्षभरात एका कर्जाची पाच होतात.

दुसरी अट, धोका कोणाच्या मानेवर जातो ते पाहण्याची. कार्डाची थकबाकी बिनतारणी असते. ती देणाऱ्याने व्याज चढं लावलं ते याच जोखमीपोटी. वसुलीचे फोन येतात, पत घसरते, दावाही होऊ शकतो, पण वडिलांच्या घराशी त्या थकबाकीचा संबंध नसतो. घर तारण ठेवलं की तो संबंध जोडला जातो. २००२ च्या सरफेसी कायद्याने, खातं थकीत ठरल्यावर ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताही बँकेला तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची वाट मिळते. मुलाचा दर साडेनऊवर येतो, कारण उरलेली जोखीम म्हातारा-म्हातारी उचलतात. बायकोचे दागिने गहाण टाकून कार्डं फेडणाऱ्यालाही हेच लागू आहे. स्त्रीधन कायद्याने तिचं एकटीचं. तिने खुशीने दिलं तर गोष्ट वेगळी, पण ‘घरचंच तर आहे’ हे तिच्या वतीने आपणच म्हणून टाकणं वेगळं. ‘सेफ’ या शब्दाला नेहमी एक प्रश्न चिकटलेला असतो, कोणासाठी?

कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये छोट्या कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध वटहुकूम निघाला. दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद होती. दारात येऊन धमकावणाऱ्यापासून कायदा असं संरक्षण देऊ शकतो. आपण होऊन आईवडिलांच्या घरावर सही मागतो, तेव्हा तिथे कुठला कायदा आड येत नाही. तिथे आपली लाजच काय ती आड यायची.

तिसरी गोष्ट मला त्याच्या बोलण्यातून कळली. नोकरी बदलताना मधले तीन महिने एका मित्राने त्याला साठ हजार दिले होते. कागद नाही, व्याज नाही, तारीख नाही. कर्जांच्या यादीत ती रक्कमही नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, “तो काही मागत नाही, काका.” जो दर महिन्याला मेसेज पाठवतो, त्याचं देणं यादीत पहिलं. जो संकोचाने गप्प बसतो, त्याचं यादीतच नाही. बँकेच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण तिला फक्त नोंदलेली कर्जं दिसतात. आपण मात्र बँकेच्या नजरेने स्वतःकडे पाहू लागलो, की न मागणाऱ्याचं देणं हळूहळू देणंच उरत नाही.

तुकोबांची गोष्ट आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण ती खतं येण्याची होती, देण्याची नव्हेत. बुडवण्याचा हक्क देणाऱ्याचा असतो. घेणाऱ्याने बुडवलं तर त्याला आपण वेगळाच शब्द वापरतो. मित्राच्या साठ हजारांचं ‘जाऊ दे’ म्हणायचं असेल तर ते मित्राने म्हणायला हवं.

कर्ज एकत्र करणं म्हणजे जुने शब्द पाळण्यासाठी दिलेला नवा शब्द. तो फसवा नसतो, पण पहिल्या चार शब्दांचं काय झालं हे विसरून दिला तर त्याची किंमत पाचव्या शब्दाइतकीच.

मी त्याला एवढंच सांगितलं की घराचा कागद बाजूला ठेव. तीन वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर चार वर्षांचा बघ, पण दहाचा नको. तीन कार्डं बंद करून टाक. आणि यादी पुन्हा लिही. त्याने माझ्याच टेबलावरचं पेन घेतलं, चार बँकांची नावं आधीच लिहिलेली होती. त्यांच्या खाली, जरा थांबून, त्याने मित्राचं नाव लिहिलं आणि पुढे रक्कम घातली. तारखेची जागा अजून कोरी होती. ती कधीची घालायची, हे त्याने मित्राला विचारायचं ठरवलं.