डाव्या बाजूची वाटी

मराठी ताट वाढण्याची एक रीत होती. उजवीकडे भाजी-आमटी, मधे पोळी-भात, आणि डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. ही डावी बाजू आता लग्नाच्या पंगतीत आणि नैवेद्याच्या पानावर तेवढी दिसते. रोजच्या जेवणात पोळी, परतलेली भाजी आणि आमटी-भात एवढ्यावर आपलं भागतं. सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या खिचडीपर्यंत पोटात जाणारा जवळजवळ प्रत्येक घास विस्तवावरून उतरलेला असतो. चैत्रातली कैरीची डाळ आणि संक्रांतीच्या सुगडातली बोरं, गाजरं, हरभरे एवढंच कच्चं खाणं सणांनी सांभाळलं आहे. ते रोजच्या ताटात परत यावं, सगळ्यांच्या ताटात यावं आणि हळूहळू यावं, एवढंच मला आग्रहाने मांडायचं आहे.

‘हळूहळू’ या अटीवर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. कच्च्या अन्नाचं वेड अधूनमधून येतं. कुणी शिबिरातून परततो आणि दुसऱ्या दिवशी चूल बंद करतो. महिनाभर घरचे हाल होतात, मग पोट बिघडतं आणि ‘कच्चं आपल्याला पचत नाही’ असा निकाल कायमचा लागतो. ही हौस नवी नाही. १९२९ साली साबरमतीच्या आश्रमात गांधीजींनी काही आश्रमवासीयांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग सुरू केला होता. मोड आणलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू, मध असा तो आहार. ‘यंग इंडिया’तून त्यांनी त्याची हकीकत मोकळेपणाने मांडली, आणि काही महिन्यांत पोट बिघडून अशक्तपणा आल्यावर ते शिजवलेल्या अन्नाकडे परतले. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्यांनी कच्चं खाणं वाऱ्यावर सोडलं नाही. १९३५च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत राहताना त्यांनी ‘हरिजन’मधून सांगितलं ते साधं होतं: कोवळा पाला स्वच्छ धुऊन थोडासा कच्चा खावा. सगळं ताट कच्चं करण्याच्या हट्टापासून ते जेवणातल्या मूठभर पाल्यापर्यंत आले. आपण थेट त्या मूठभर पाल्यापासून सुरुवात करावी.

ही मूठभर भर आपल्याकडे परकी नाही. मराठवाड्यात आणि खानदेशात कोवळी मेथी कच्चीच चिरून, त्यात कांदा, दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल घालून घोळाणा करतात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. रानात जेवायला बसलेला माणूस बांधावरचा मुळा उपटतो, पाल्यासकट खातो. कोबीची पचडी, गाजराची कोशिंबीर, खमंग काकडी, भिजवलेली मूगडाळ घातलेला मुळ्याचा कीस, पेरूची दह्यातली कोशिंबीर. यातल्या कशालाही महाग दुकानात जावं लागत नाही. ज्याला खरंच सुरुवात करायची आहे त्याने परदेशी पानं आणि बियांच्या पुड्या विकत घेण्याआधी आठवडी बाजारातली एक जुडी उचलावी.

पहिल्या आठवड्यात दुपारच्या जेवणाला दोन चमचे कोशिंबीर, एवढंच. ती जेवणाच्या आरंभी खावी. भाजी आधी आणि पोळी-भात नंतर, या क्रमाने जेवल्यावर रक्तातली साखर तितक्या वेगाने चढत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. मधुमेहाने घरोघर ठाण मांडलेलं असताना ही फुकटची सवय का सोडावी? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चमच्यांची अर्धी वाटी होऊ द्यावी, मग रात्रीच्या जेवणातही ती यावी. चार वाजता बिस्किटांच्या जागी पेरू, केळं किंवा काकडी यावी. कच्च्या भाजीतला चोथा आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न असतो. तो एकदम वाढला की वायू धरतो, पोट फुगतं. हळूहळू वाढला आणि पाणी पुरेसं प्यायलं, की पोट त्याला सरावतं. ‘पचत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो सरावाचा काळच मिळालेला नसतो. दात नसलेल्या आजी-आजोबांसाठी किसावं, लहान मुलांसाठी दह्यात कालवावं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या आहारात भाज्या आणि फळं मिळून सुमारे ५०० ग्रॅम असावीत; म्हणजे ताटाचा जवळपास अर्धा भाग. तेल-मसाल्यात परतलेल्या दोन डाव भाजीने तो अर्धा भाग भरत नाही. शिवाय क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं आणि पाण्यात निघून जातं. भाजी चिरून धुतली, उकळली आणि वरचं पाणी ओतून दिलं, की त्यातलं फार थोडं हाती लागतं. लिंबू, पेरू, आवळा, कोबी, कोथिंबीर कच्ची पोटात गेली तर ते मिळतं.

पण शिजवणं वाईट आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. गाजर-टोमॅटोमधली काही पोषक द्रव्यं शिजवल्यावर आणि थोड्या तेलाबरोबर अधिक चांगली शोषली जातात; कोशिंबिरीवर हिंग-मोहरीची फोडणी घालणाऱ्या बायकांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, तरी हात बरोबर चालला होता. राजमा कच्चा खाल्ला तर विषबाधा होते, तो भिजवून चांगला उकळलाच पाहिजे. सकाळी उठून दुधीचा कच्चा रस पिण्याची टूम निघाली आहे. कडू लागलेल्या दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. दुधी कडू लागला तर क्षणभरही विचार न करता टाकून द्यावा. मोडांच्या बाबतीतही सावध असावं. ऊब आणि ओल यांत मोडांइतकेच जिवाणूही वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं गेली. म्हणून मटकी-मुगाचे मोड घरीच, स्वच्छ पाण्यात आणावेत, त्याच दिवशी संपवावेत, आणि लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना वाफवूनच द्यावेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून मगच पालेभाजी वाढवावी.

आता खरा अडसर. कोशिंबीर घरातून गेली ती चव गेली म्हणून नाही. ती आधी करून ठेवता येत नाही. मीठ लागलं की पाणी सुटतं, डब्यात सांडते. जेवायला बसण्याच्या ऐन घाईत चिरायची, किसायची, कालवायची. आणि हे सगळं त्याच एका बाईने, जी त्या वेळी पोळ्या लाटते आहे. तिने एक काम कमी केलं तर तिला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. जेवायला येऊन बसणाऱ्या पुरुषांनी आणि शाळकरी मुलांनी काकडी चिरावी, मुळा किसावा, लिंबू पिळावं. याला गॅस लागत नाही, कौशल्यही फारसं लागत नाही. ताटात कच्चं वाढवायचं ठरवणाऱ्या नवऱ्याने त्या कामाचा भार बायकोवर टाकला, तर ती सुधारणा नव्हे, आणखी एक फर्मान आहे.

आणि ती वाटी तिच्यापर्यंत पोहोचते का, हेही बघावं. अजून पुष्कळ घरांत बाई शेवटी जेवते, आणि तोवर कोशिंबिरीचं भांडं रिकामं झालेलं असतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. भाजी-भाकरीतलं लोह शरीराने घ्यावं यासाठी क जीवनसत्त्वाची मदत लागते आणि जेवणावर लगेच प्यायलेला चहा त्याच्या आड येतो. रक्तक्षय एका लिंबाने जात नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. पण लिंबाची फोड आणि कोशिंबीर ज्या ताटात सगळ्यात आधी पडायला हवी, त्याच ताटात ती पडत नाही, हे आपल्या घराचं वर्तन आहे आणि ते आजपासून बदलता येतं. कोशिंबीर वाढताना तिची वाटी आधी बाजूला काढावी.

एक प्रश्न मात्र घराबाहेरचा आहे. शिजवलेल्या अन्नातले जंतू आच मारते. कच्च्या भाजीचं सगळं भवितव्य पाण्यावर ठरतं. मुंबईत रुळांच्या कडेला सांडपाण्यावर पालेभाजी वर्षानुवर्षं पिकली, ती आपणच विकत घेतली. ज्या वस्तीत नळाला गढूळ पाणी येतं तिथल्या आईला ‘कच्चं खा’ सांगणारा माणूस तिच्या मुलाला जुलाब देतो. अशा घरी काकडी, गाजर, केळं, मोसंबी अशी सोलून खाता येणारी जिन्नसं आधी यावीत, आणि पालेभाजी शिजवूनच खावी. ज्याच्याकडे स्वच्छ पाणी आहे त्याने जुडी मोकळी करून, पान न् पान वाहत्या पाण्याखाली धुवावं. पण पेरूला पैसे मोजू शकणाऱ्यांनी तिथे थांबू नये. आपल्या प्रभागातल्या ज्या गल्लीला शुद्ध पाणी मिळत नाही, तिच्यासाठी नगरसेवकाच्या दारात जाण्याचं काम आपलंही आहे. भाजी कुठल्या पाण्यावर पिकली हे मंडईत विचारणारं गिऱ्हाईक वाढलं, तर शेतकऱ्यालाही ते सांगावं लागेल आणि महापालिकेलाही.