पुस्तक मिटल्यावर भीती कोणाची?

या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये साडेचारलाच काळोख पडत होता आणि प्रयोगशाळेतून घरी आलं की मी भुतांची, चेटकिणींची, जादूटोण्याची पुस्तकं वाचत होते. ‘विज्ञानात डॉक्टरेट केलीस आणि हे वाचतेस?’ असं एकदोघांनी विचारलं. या प्रश्नाचा मला त्रास होत नाही. भुतावर विश्वास ठेवणं आणि भुताच्या गोष्टीत रमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नारायण धारपांवर वाढलेल्या कुठल्याही मराठी वाचकाला ते माहीत असतं. मला पडलेला प्रश्न दुसरा आहे. भूत खरं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून पुस्तक मिटलं की भीती भुतापाशी राहत नाही. ती बसायला जागा शोधते. ती कोणावर जाऊन बसते, याची जबाबदारी लेखकावर किती?

इथे राहून हा प्रश्न टाळता येत नाही, कारण सेलम लोकलने अर्ध्या तासावर आहे. ऑक्टोबरमध्ये तिथे टोकदार टोप्या घातलेल्या पर्यटकांची जत्रा भरते. १६९२ साली तिथे १९ जणांना फाशी दिलं आणि जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. खटल्यात पुरावा म्हणून काय चाललं? साक्षीदार सांगायचा, अमुक बाईचं छायारूप रात्री येऊन मला छळतं. बाई त्या वेळी आपल्या घरी झोपलेली होती, असं सांगून उपयोग नव्हता. शरीर घरी आणि छाया बाहेर, हाच तर आरोप. सुरुवातीला नावं आली ती तिघींची: टिट्युबा ही गुलाम, सेरा गुड ही दारोदार मागून खाणारी, आणि सेरा ऑस्बर्न ही आजारी, बरेच दिवस चर्चला न गेलेली. गावाची भीती कोणाकडे वळली, हे या तीन नावांतच दिसतं.

त्या न्यायाधीशांपैकी एकाचा वंशज म्हणजे नथॅनियल हॉथॉर्न. त्याची १८३५ची ‘यंग गुडमन ब्राउन’ ही कथा मी यंदा पहिल्यांदा वाचली. एक तरुण नवरा रात्री रानात जातो आणि तिथे सैतानाच्या मेळ्यात गावातली सगळी सभ्य माणसं पाहतो, स्वतःची बायकोसुद्धा. सकाळी परत येतो. ते स्वप्न होतं की खरं, हे हॉथॉर्न सांगत नाही. पण ब्राउन नंतर आयुष्यभर कोणावरही विश्वास ठेवू शकत नाही. कथा वाचून मला सैतानाची भीती वाटली नाही, ब्राउनची वाटली. रात्री जे दिसलं त्यावर दिवसा निकाल देणारा माणूस. (भाषा जुनाट आहे, मधली दोन पानं रेटावी लागतात. तरी वाचाच.)

स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’बद्दल मात्र मन दुभंगलेलं आहे. आई दवाखान्यात गेलेली, एक लहान मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आंधळ्या आजीबरोबर घरात एकटा. आजी चेटकीण आहे. कारागिरी म्हणाल तर थक्क करणारी: घरातले बारीकसारीक आवाज, शेजारच्या खोलीतला श्वास, पोराचा स्वतःशी चाललेला वाद. मी दिवा लावून झोपले. पण या कथेत भयाचा सगळा दारूगोळा आजीच्या म्हातारपणातूनच येतो. तिचं अवजड शरीर, वास, असंबद्ध बडबड, तिचा पोराकडे पसरलेला हात. जादूटोणा नंतर येतो. किळस आधीच तयार असते.

इथे माझा स्वार्थ सांगून टाकते. माझी आजी सांगलीला आहे, वय ८८, स्मृतिभ्रंश. रात्री उठते, भिंतीशी बोलते, आपल्या मेलेल्या बहिणीला हाक मारते. तिला सांभाळायला ठेवलेल्या बाई तीन आठवड्यांत निघून गेल्या. जाताना आईला म्हणाल्या, ‘वहिनी, हे दुखणं नाही, हे बाहेरचं आहे.’ मग शेजारून एका देवऋषीचा पत्ता आला. आईने तो कागद फाडला, पण मला फोनवर सांगताना तिचा आवाज खाली गेला होता, जणू आजी ऐकेल. त्या बाईंनी किंग वाचलेला नाही. पण किंग ज्या भीतीवर आपली कथा उभारतो ती भीती तीच आहे, आणि ती त्याने फुकटात घेतली आहे. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे. सातपुड्यात बाईला ‘डाकीण’ ठरवून मारहाण झालेली आहे. कायदा कथेला हात लावत नाही आणि लावूही नये. म्हणून तर वाचकाने बोलायला हवं.

गंमत म्हणजे याच कथेची पुढची वाट मराठीतून जाते. धारपांची ‘आजी’ ही किंगच्या कथेवर बेतलेली. धारपांच्या त्या कथेतून राही अनिल बर्वेंच्या ‘तुंबाड’ची ठिणगी पडली, आणि नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. मेनमधली आजी कोकणात पोचली. पण २०१८च्या त्या चित्रपटात तिचं काहीतरी बदललं. पहिल्या भागात ती साखळदंडात बांधलेलं भय आहे. वर्षांनी नातू परत येतो तेव्हा तिच्या अंगातून झाड उगवलेलं आहे, आणि ती बोलते. सौदा करते: गुपित सांगते, मला जाळून सोडव. तो सोडवतोही. त्यानंतर मला आजीची भीती वाटली नाही. गुपित ऐकून ज्याचे डोळे चकाकले त्याची वाटली. धारपांवरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही, पण परदेशात बसून लहानपणीच्या पुस्तकांना सगळं माफ करायची जी सवय लागते, ती इथे मला नको वाटते.

शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ १९४८ साली न्यू यॉर्करमध्ये आली तेव्हा तिला ढीगभर पत्रं आली. काहींना एवढंच जाणून घ्यायचं होतं की ही लॉटरी कुठे होते, बघायला जाता येईल का. ती माहिती मला कथेइतकीच हादरवून गेली. आणि कथेतली टेसी, जी मरणार आहे, तीसुद्धा स्वतःची शक्यता कमी व्हावी म्हणून लग्न झालेल्या लेकीलाही चिठ्ठी काढायला लावा म्हणते. निर्दोष कोणीच नाही. तिच्या चिमुरड्या पोराच्या हातातही कोणीतरी खडे देतं.

एक तक्रारही नोंदवते. हल्लीच्या बऱ्याच भयकादंबऱ्यांत भूत म्हणजे आघाताचं रूपक, आणि ते रूपक आहे हे लेखक पानोपानी समजावत राहतो. अशा भुताला मी घाबरत नाही, आणि जे पुस्तक घाबरवत नाही त्याची नीतिमत्ता घेऊन काय करू? आपल्या जुन्या भुतांची यादी याहून प्रामाणिक होती. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा, बाळंतपणात गेलेली हडळ. ज्यांचं राहून गेलं त्यांची ती नोंदवहीच आहे. त्यांना उतरवायचे विधी होते. त्यांचं काय राहिलं होतं हे विचारणारी गोष्ट मला क्वचित भेटली.

टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ मी शेवटी वाचली. १८५६ साली मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई केंटकीतून पळून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला आली. पकडायला आले तेव्हा मुलीला परत जावं लागू नये म्हणून तिने तिला मारलं. कादंबरीत ती मेलेली मुलगी परत येते, खरीखुरी, खादाड, आईला आतून संपवणारी. तिचा दावा अगदी खरा आहे आणि तरी तिला घरात ठेवता येत नाही. शेवटी गावातल्या तीसेक बायका दारासमोर जमतात, आवाज लावतात, आणि ती नाहीशी होते. आई वाचते. बायकांनी बरोबर केलं असं मला वाचताना वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नमुने फिरवत उभी असताना वाटलं, त्या मुलीला मात्र दोनदा घालवलं. त्या रात्री मी शेवटचं प्रकरण परत वाचलं. अजून ठरत नाही.