वीणा खाली ठेवायची नसते

गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारे वाटून दिलेले असतात, बहुधा दोन-दोन तासांचे. वेळ झाली की पुढचा माणूस येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मानधन नाही, हजेरीपट नाही, तरी रात्री दोनच्या पहाऱ्याला माणूस उठून येतो. का? श्रद्धेमुळे, असे आपण चटकन म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. श्रद्धा मंडपापर्यंत आणते; भर झोपेतून उठवते ती जाणीव वेगळी, की आपण गेलो नाही तर आधीचा बिचारा वीणा घेऊन ताटकळत उभा राहील. तेवढ्या वेळापुरता सप्ताह त्याच्या गळ्यात असतो. विनामोबदला सेवेतली निष्ठा अशा वाटून घेतलेल्या जबाबदारीवर तगते, असे मला वाटते.

आळंदीच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी जी घडी घालून दिली, तिच्यात हेच दिसते. लाखोंचा समुदाय दिंड्यांत विभागलेला. प्रत्येक दिंडीचा वीणेकरी निराळा, राहण्याजेवणाची व्यवस्था निराळी. मुक्कामी समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंग एकदम थांबतात. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथवर जातो, गाऱ्हाणे ऐकतो, ते मिटले की आरती. साऱ्या तळाला गप्प करणारा अधिकार एका दिंडीच्या टाळांपुढे थांबतो. ज्याचे म्हणणे असे ऐकून घेतले जाते, तो सहसा रुसून घरी बसत नाही.

यावर कोणी म्हणेल, दहाजणांचे काम ते कोणाचेच नाही. जिथे वाटणी मोघम असते तिथे हे अगदी खरे आहे, आणि आपल्या कितीतरी उत्सव समित्या त्यानेच बुडतात. पण पहाऱ्यावर नाव लागलेले असते, आणि दंड कोणी उचलायचा हेही ठरलेले असते. दुसरा आक्षेप गीतेच्या अंगाने येतो: निष्काम सेवेकऱ्याला वाटा हवाच कशाला? वाटा कर्तव्याचा की उत्पन्नाचा, यावर ते अवलंबून आहे. पंढरपूरच्या मंदिरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क उत्पन्नाशी जोडलेले होते; तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2014 साली ते हक्क संपले. पहाऱ्यातून उत्पन्न होत नाही, झोपमोड तेवढी होते.

सगळ्यांत जड आक्षेप बायकांचा आहे. डोक्यावर तुळस घेऊन त्या चालतात, मुक्कामी भाकऱ्या थापतात. वीणा मात्र बहुतेक दिंड्यांत पुरुषाच्याच गळ्यात. अधिकाराचा वाटा नसूनही त्यांची निष्ठा तसूभर कमी दिसत नाही, मग माझा सिद्धांत कुठे राहिला? माझे उत्तर असे, की नेतृत्वात वाटा न मिळताही निष्ठा राहू शकते, पण तेव्हा तिचे श्रेय व्यवस्थेला घेता येत नाही. ती त्या बायकांनी घरून आणलेली असते, आणि दिंडी तिच्यावर फुकट जगते. घरी दुसरे पर्याय असलेल्या त्यांच्या सुना-लेकी ती तशीच आणतील, हे दिंडीप्रमुखांनी गृहीत धरू नये.